सामायिक साठवण : वेग आणि विश्वास
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



शताब्दी वर्षाच्या या व्याख्यानमालेत माझ्याआधी जे वक्ते बोलून गेले, त्यांनी संतसाहित्य, नाट्यसंगीत, इतिहास अशा विषयांनी हे सभागृह भारून टाकले. त्यांच्यामागून, उभे आयुष्य संगणकांच्या खोलीत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाने हार्ड डिस्कविषयी बोलावे, हे काहींना रसभंगासारखे वाटेल. परंतु कार्यकारी मंडळाने हा विषय मला मुद्दाम दिला आहे आणि त्याला कारणही तसेच आहे.

आपण जाणताच की, ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील दुर्मिळ ग्रंथांची आणि जुन्या नियतकालिकांची पाने स्कॅन करून घेण्याचे काम हाती घेतले आहे. ही पाने, ग्रंथसूची, देवघेव आणि वर्गणीचा हिशेब हे सारे दोन सक्षम संगणकांवर 'आभासी संगणकां'च्या रूपाने चालवायचे आणि त्या दोहोंना मिळून एकच साठवण ठेवायची, अशी योजना आहे. तिच्यासाठी आलेली दरपत्रके मी वाचली. साठवण किती टेराबाइटची, हे प्रत्येकात ठळक अक्षरांत होते. ती किती वेगाने आणि किती भरवशाने काम करील, याविषयी एकातही ओळ नव्हती. पैसा देणगीदारांचा आणि सभासदांचा आहे. तेव्हा खरेदीपूर्वी काय विचारावे, हे आपणा सर्वांस ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

प्रथम 'आभासी संगणक' म्हणजे काय ते पाहू. एकाच मोठ्या यंत्रात अनेक स्वतंत्र संगणक नांदत आहेत असा आभास निर्माण करणे, ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या यंत्रांसाठी 'व्हीएम/३७०' ही प्रणाली जाहीर केली होती. साध्या संगणकांवर ही सोय आणणारी व्हीएमवेअर कंपनी १९९८ मध्ये स्थापन झाली. पुढे केंब्रिज विद्यापीठातून 'झेन' आली, आणि २००७ पासून 'केव्हीएम' ही प्रणाली लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाली. ज्या यंत्रात हे आभासी संगणक राहतात त्याला आपण 'यजमान' म्हणू. यजमानाच्या घरी दहा-वीस पाहुणे उतरलेले असतात आणि प्रत्येकाला वाटते की हे घर आपल्या एकट्याचे आहे. पाहुणा ज्याला आपली हार्ड डिस्क समजतो, ती वस्तुतः कोठेतरी ठेवलेली एक मोठी फाइल असते.

ही फाइल ठेवायची कोठे? ती यजमानाच्या पोटातील डिस्कवर ठेवली, तर यजमान बंद पडताच त्याचे सर्व पाहुणे निराधार होतात. म्हणून ती बाहेर, दोन्ही यजमानांना दिसेल अशा एकाच साठवणीत ठेवतात. मग एक यजमान बंद पडला, तर दुसरा तीच फाइल उघडून पाहुण्याला पुन्हा उभे करतो. इतकेच नव्हे, तर चालू असलेला आभासी संगणक न थांबवता एका यजमानाकडून दुसऱ्याकडे नेता येतो. व्हीएमवेअरने २००३ मध्ये ही सोय आणली. या स्थलांतरात स्मृतीतला मजकूर तेवढा हलतो, साठवण जागच्या जागी राहते.

बडोद्याच्या श्रोत्यांना ही कल्पना परकी वाटू नये. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण केले आणि या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. गावोगाव ग्रंथांच्या पेट्या धाडणारी फिरती ग्रंथालये त्या योजनेचाच भाग होती. पेटी ज्या गावी असेल त्या गावाची सोय होई. परंतु त्याच वेळी दुसऱ्या गावाला तेच पुस्तक हवे असेल, तर त्याला थांबणे भाग होते. मध्यवर्ती संग्रहात सर्वांना सर्व ग्रंथ मिळू शकतात, मात्र तेथे दारी रांग लागते. सामायिक साठवणीचा सारा प्रश्न या रांगेचा आहे.

आपल्या ग्रंथालयात पूर्वी मुक्तद्वार पद्धत नव्हती, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल. देवघेवीच्या खिडकीशी चिठ्ठी द्यायची. शिपाई आत जायचा, कपाट शोधायचा आणि पुस्तक घेऊन यायचा. त्या काळी ग्रंथालयाची क्षमता दोन तऱ्हांनी सांगता आली असती. ग्रंथसंख्या किती, ही एक तऱ्हा. तासाभरात किती चिठ्ठ्यांचा निकाल लागतो, ही दुसरी. ग्रंथसंख्या दुप्पट केली आणि शिपाई एकच ठेवला, तर वाचकाला पुस्तक लवकर मिळत नाही; उलट, चालावयाचे अंतर वाढते. टेराबाइट म्हणजे ग्रंथसंख्या. वाचक खिडकीशी किती वेळ उभा राहील, याचे उत्तर त्या आकड्यात नाही.

आता फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा हिशेब मांडू. ती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद जातात. त्याआधी शीर्ष धरणारी भुजा योग्य वर्तुळावर सरकावी लागते; त्यास आणखी सुमारे ९ मिलिसेकंद धरा. म्हणजे एका चिठ्ठीस १३ मिलिसेकंद लागले, आणि सेकंदाला साधारण ७५ चिठ्ठ्यांचा निकाल झाला. प्रत्येक चिठ्ठी ४ किलोबाइटची असेल, तर ही डिस्क सेकंदाला अवघे ३०० किलोबाइट देते. हीच डिस्क सलग वाचू दिली, तर सेकंदाला १५० मेगाबाइट सहज देते. यंत्र तेच असताना पाचशे पटींचा हा फरक केवळ मागणीच्या स्वरूपामुळे पडतो.

आणि आभासी संगणकांची मागणी सलग कधीच राहत नाही. वीस पाहुणे आपापल्या परीने सलग वाचत असले, तरी खाली डिस्कपाशी त्या वीस मागण्या एकमेकींत मिसळून येतात. पहिल्याचे एक पान, अकराव्याचे एक, सातव्याचे एक, आणि पुन्हा पहिल्याचे, अशी भुजेची धावपळ होते. म्हणून एकट्या संगणकावर वेगवान भासलेली डिस्क सामायिक होताच कुंथू लागते.

थोडा इतिहासही येथे उपयोगी पडेल. आयबीएमने १९५६ मध्ये 'रॅमॅक' यंत्रासोबत पहिली हार्ड डिस्क दिली. तीत पन्नास तबकड्या होत्या आणि ५० लाख अक्षरे मावत. हवी ती जागा गाठण्यास सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आज २० टेराबाइटची एक डिस्क बाजारात सहज मिळते. म्हणजे क्षमता लाखो पटींनी वाढली. भुजेची चाल मात्र सत्तर-ऐंशी पटींनीच सुधारली. गोदाम अवाढव्य झाले आणि शिपाई जेमतेम चपळ झाला. दरपत्रकातील मोठ्या आकड्याने दिपून जाऊ नये, ते यासाठी.

एका शिपायाचे काम भागत नसेल तर अनेक शिपाई ठेवावेत, हा विचार १९८८ साली बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. अनेक साध्या डिस्क एकत्र जुंपून त्यांतून वेग आणि सुरक्षितता मिळवण्याच्या या रचनेस 'रेड' म्हणतात. तिचे प्रकार अनेक असले, तरी आपल्या कामाचे तीनच आहेत. पहिल्या प्रकारात प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवतात. अशा जोड्या एकत्र केल्या की 'रेड १०' होते. 'रेड ५' मध्ये एका डिस्कइतकी जागा पडताळ्याच्या बेरजेसाठी राखतात आणि 'रेड ६' मध्ये दोन डिस्कइतकी.

समजा, आपण ४ टेराबाइटच्या आठ डिस्क घेतल्या. जोड्या लावल्या तर वापरण्यास १६ टेराबाइट मिळतात, रेड ६ मध्ये २४ आणि रेड ५ मध्ये २८. विक्रेता अर्थातच २८ चा आकडा पुढे करतो. पण लिहिण्याचा हिशेब पाहा. जोडीमध्ये एक नोंद करायची म्हणजे दोन डिस्कवर लिहायचे. रेड ५ मध्ये लहानशी नोंद करण्यासाठी जुना मजकूर वाचा, जुनी बेरीज वाचा, नवा मजकूर लिहा, नवी बेरीज लिहा, अशी चार कामे होतात. रेड ६ मध्ये सहा. आठ डिस्क मिळून सेकंदाला ६०० कामे करीत असतील, तर नोंदी होतील जोड्यांमध्ये ३००, रेड ५ मध्ये १५० आणि रेड ६ मध्ये अवघ्या १००. शिवाय मोठी डिस्क निकामी झाल्यावर नवी भरून तयार होण्यास तासच्या तास, कधी दिवसही लागतात. तेवढ्यात रेड ५ मधील दुसरी डिस्क गेली, तर सर्वस्व जाते.

एसएसडीने या चित्रात मोठा फरक केला आहे. तीत फिरणारे काहीच नसल्यामुळे एका चिठ्ठीस मिलिसेकंदाचा एखादा अंश पुरतो आणि सेकंदाला हजारो नव्हे, दहादहा हजारांच्या पटीत कामे होतात. मग सर्व साठवण एसएसडीचीच का घेऊ नये? पैसा असेल तर अवश्य घ्यावी. पण आपल्या ग्रंथालयाची गरज नीट तपासली, तर ती दोन अगदी वेगळ्या प्रकारची आहे. ए-४ आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयने स्कॅन करून न दाबता ठेवले, तर ते सुमारे २६ मेगाबाइट होते. तीनशे पानांचा ग्रंथ म्हणजे जवळजवळ ८ गिगाबाइट, आणि असे पाचशे ग्रंथ म्हणजे ४ टेराबाइट. ही पाने एकदा लिहिली जातात, क्वचित वाचली जातात, आणि वाचली जातात तेव्हा सलग. याउलट ग्रंथसूची आणि देवघेव यांचा सारा मजकूर काही गिगाबाइटांत मावेल. परंतु दिवसभर त्यावर बारीक बारीक वाचणे-लिहिणे चालू राहील. म्हणून माझी शिफारस अशी की, आभासी संगणक आणि त्यांतील नोंदी एसएसडीच्या जोड्यांवर असाव्यात, पाने रेड ६ मधील मोठ्या फिरत्या डिस्कवर असावीत, आणि हे दोन संग्रह वेगळे राहावेत. एकत्र केले, तर स्कॅनिंगचे काम चालू असताना देवघेवीची खिडकी ठप्प होईल.

आता ज्या प्रसंगाने मला हा विषय खऱ्या अर्थाने शिकवला, तो सांगतो. सांगताना संकोच वाटतो, कारण चूक माझीच होती.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेतील संगणकव्यवस्था माझ्याकडे होती. तीसेक आभासी संगणक आणि त्यांच्यामागे एक सामायिक साठवण, असा संसार होता. दररोज सकाळी दहा वाजता सर्व काम मंदावे. आम्ही स्मृती वाढवली, नवा प्रोसेसर घेतला; काही उपयोग झाला नाही. अखेर एके दिवशी मी साठवणीचा विलंब मोजला. एरवी ८-१० मिलिसेकंदांत मिळणारे उत्तर दहाच्या सुमारास शंभराच्या पुढे जात होते. तीसही आभासी संगणकांतील विषाणूशोधक प्रणाली ठीक दहा वाजता एकदम जाग्या होत आणि प्रत्येक जण आपली सबंध डिस्क वाचू लागे, हे त्यामागचे कारण निघाले. त्यांच्या वेळा रात्रीवर विभागून दिल्या, आणि एक पैसाही खर्च न होता सकाळचा त्रास संपला. आधी मोजावे आणि मग खर्च करावा, हा पहिला धडा मला असा मिळाला.

परंतु एक तक्रार उरली होती. प्रवेशाच्या दिवसांत शुल्काची नोंद करताना प्रत्येक वेळी क्षणभर थांबावे लागे. यजमान जेव्हा साठवणीला "एवढे लिही" असे सांगतो, तेव्हा मजकूर कायम जागी पोहोचल्यावरच साठवणीने "लिहिले" असे उत्तर द्यावयाचे असते. हे उत्तर म्हणजे पावती होय. आमच्या साठवणीत एक कळ होती. ती फिरवली की मजकूर स्मृतीत आल्याबरोबर, डिस्कवर जाण्याआधीच पावती दिली जाई. मी ती कळ फिरवली. नोंदी पापणी लवण्याच्या आत होऊ लागल्या. कार्यालयातील मंडळींनी माझे कौतुक केले, आणि मीही ते घेतले.

तीन आठवड्यांनी भर दुपारी वीज गेली. संगणकांच्या खोलीतील बॅटरी नादुरुस्त होती. साठवणीच्या स्मृतीत होता तो काही सेकंदांचा मजकूर नाहीसा झाला. काही सेकंद म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. परंतु नोंदींच्या डेटाबेसला ते सेकंद लिहिले गेल्याची पावती मिळालेली होती आणि त्या विश्वासावर त्याने पुढची मांडणी केली होती. डेटाबेस उघडेना. शेवटी आदल्या रात्रीची प्रत लावावी लागली आणि त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी गेल्या. दुसऱ्या दिवशी खिडकीशी विद्यार्थ्यांची आणि पालकांची रांग लागली. प्रत्येकाच्या हाती शुल्काची छापील पावती होती, आणि संगणकात त्यांचे नाव नव्हते. बाहेरगावाहून पहाटेच्या गाडीने आलेले एक वृद्ध गृहस्थ ती पावती दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे उभे होते. त्यांच्या पैशाची नोंद आम्ही हाताने पुन्हा केली, सर्वांचीच केली. कोणाचे नुकसान झाले नाही. पण त्यांनी मला विचारलेला प्रश्न मी विसरलेलो नाही. "साहेब, मग ही पावती कशाची?"

म्हणून आपल्या योजनेत ही गोष्ट लिखित स्वरूपात असावी, की पावती खरी असली पाहिजे. खरी पावती देऊनही वेग मिळवता येतो. त्याला थोडा खर्च येतो, एवढेच. रेड नियंत्रकाच्या स्मृतीस स्वतःची बॅटरी असेल, तर स्मृतीत आलेला मजकूर वीज गेल्यावरही टिकतो आणि मग लगेच पावती देण्यात लबाडी राहत नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली 'झेडएफएस' ही पद्धत वापरली, तर ताज्या नोंदी प्रथम टिपून घेण्यासाठी एक वेगळी, जलद एसएसडी जोडता येते. मात्र या एसएसडीमध्ये वीज जाताच हातातले काम पुरे करण्याइतकी ऊर्जा साठवणारे कपॅसिटर असले पाहिजेत. स्वस्त एसएसडीमध्ये ते बहुधा नसतात. आणखी एक समज दूर करतो. साठवणीत स्मृती वाढवल्याने वाचणे जलद होते, कारण वारंवार लागणारी पुस्तके खिडकीजवळच ठेवल्यासारखे होते. पक्की पावती मागणाऱ्या लिहिण्याला त्याचा लाभ होत नाही.

साठवण उत्तम असली, तरी तिच्यापर्यंतचा रस्ता अरुंद असेल तर काय उपयोग? यजमान आणि साठवण यांच्यामध्ये बहुधा ईथरनेटचे जाळे असते. त्यावरून 'एनएफएस' किंवा, २००४ मध्ये प्रमाणित झालेली, 'आयस्कझी' ही पद्धत चालते. एक गिगाबिटची तार सेकंदाला सैद्धांतिक दृष्ट्या १२५ आणि व्यवहारात सुमारे ११० मेगाबाइट नेते. म्हणजे एकच फिरती डिस्क सलग वाचू लागली, तरी ही तार भरून जाईल. आज दहा गिगाबिटचे जाळे आपल्या आवाक्यात आहे, तेच घ्यावे. चार तारा एकत्र बांधल्या की चौपट वेग मिळतो, असे विक्रेते सांगतात. ते अर्धसत्य आहे. दोघांमधला एक संवाद सहसा एकाच तारेवरून जातो. आयस्कझीमध्ये दोन स्वतंत्र मार्ग आखून दोन्ही वापरता येतात. त्यांत एक तुटला तरी काम चालू राहते. हे मार्ग दोन वेगळ्या स्विचमधून जावेत, आणि साठवणीचे जाळे वाचकांच्या संगणकांच्या जाळ्यापासून निराळे असावे.

या जाळ्यावर नेहमीच्या १,५०० बाइटांच्या पाकिटांऐवजी ९,००० बाइटांची मोठी पाकिटे वापरण्याचा प्रघात आहे. त्याने थोडा लाभ होतो. परंतु यजमान, स्विच आणि साठवण या तिघांतही ते माप सारखे ठेवावे लागते. एकाच ठिकाणी विसरले तर लहान संदेश बिनबोभाट जातात आणि मोठा मजकूर अडकून पडतो, त्यामुळे दोष लवकर सापडत नाही. माप नीट जुळवता येत नसेल, तर १,५०० वरच समाधान मानावे.

जुने संगणक जसेच्या तसे आभासी रूपात आणताना आणखी एक सूक्ष्म दोष राहून जातो. विंडोजच्या जुन्या आवृत्त्या डिस्कवरील विभागाचा आरंभ ६३ व्या खणापासून करीत; २००७-०८ नंतरच्या आवृत्त्या तो बरोबर एक मेगाबाइटच्या सीमेवर करतात. खण ५१२ बाइटांचा आणि साठवणीचा कप्पा ४,०९६ बाइटांचा असल्याने, ६३ पासून सुरू झालेला मजकूर दोन कप्प्यांवर विभागून पडतो, आणि एका नोंदीसाठी दोन कप्पे हाताळावे लागतात. आपल्या कार्यालयातील हिशेबाचा जुना संगणक असाच आणायचा आहे. त्याचा आरंभ आधी तपासून घ्यावा.

जागेच्या बाबतीतही सावधगिरी हवी. आभासी संगणकाला १०० गिगाबाइट दिले असे दाखवायचे आणि तो वापरील तेवढीच जागा प्रत्यक्षात द्यायची, अशी सोय असते. ही उधारी आहे. सर्वांनी एकदम मागितले, तर साठवण पुरी भरते आणि सर्वच पाहुणे एकदम थांबतात. झेडएफएससारख्या पद्धतीत तर साठवण गच्च भरत आली की लिहिणे मंदावत जाते. म्हणून पाचवा हिस्सा मोकळा ठेवावा. कामापुरते काढलेले 'स्नॅपशॉट' वेळेवर काढून टाकावेत. त्यांना प्रत समजू नये, कारण ते त्याच साठवणीत असतात आणि साठवणीबरोबरच जातात. खऱ्या प्रतीचा साधा नियम असा की, मजकूर तीन ठिकाणी असावा, दोन प्रकारच्या माध्यमांवर असावा, आणि त्यांपैकी एक प्रत या इमारतीबाहेर असावी.

आता विक्रेत्यास विचारावयाचे प्रश्न सांगतो. वाचणे सत्तर टक्के, लिहिणे तीस टक्के, मागण्या ८ किलोबाइटच्या आणि विखुरलेल्या, अशा कामात सेकंदाला किती मागण्या पुऱ्या होतात? त्या वेळी विलंब सरासरी किती, आणि सर्वांत मागे राहिलेल्या शंभरातील एका मागणीचा किती? चाचणीची फाइल साठवणीच्या स्मृतीपेक्षा मोठी होती काय? नाहीतर डिस्कऐवजी स्मृतीचीच परीक्षा होते. एक डिस्क काढून घेतली असता हे आकडे किती घसरतात? आणि काम चालू असताना वीज तोडली, तर पावती दिलेली प्रत्येक नोंद शिल्लक राहते काय? 'फिओ' नावाच्या मोफत प्रणालीने वेगाची चाचणी एका दिवसात करता येते. वीज तोडण्याची चाचणी मात्र ग्रंथालयाचा मजकूर त्यावर चढवण्यापूर्वीच करावी.

विलंब, वेग आणि रांग यांचे नाते जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले. रांगेतील माणसे म्हणजे दर सेकंदाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाने थांबण्याचा वेळ. साठवणीशी एका वेळी ३२ मागण्या ठेवल्या आणि प्रत्येकीस १ मिलिसेकंद लागला, तर सेकंदाला ३२,००० मागण्या निघतात. १० मिलिसेकंद लागले तर ३,२००. डिस्क थकलेली असताना रांगेची लांबी वाढवल्याने काम अधिक होत नाही, प्रत्येकाचे थांबणे मात्र वाढते. रांग वाढवण्याची कळही अनेकजण उत्साहाने फिरवतात, म्हणून हे सांगितले.

श्रोतेहो, माझे बोलणे लांबले. कार्यकारी मंडळास माझी एक विनंती आहे. यंत्रे आली की उद्घाटनापूर्वी एक रविवार मला द्यावा. आपण यंत्रावर काही नमुन्याची पाने आणि खोट्या नावांच्या नोंदी चढवू, देवघेवीच्या मेजावर चार जणांना नोंदी करावयास बसवू, आणि मध्येच वीज तोडू. ज्या नोंदींची पावती मिळाली, त्या कागदावर टिपून ठेवू आणि वीज आल्यावर एकेक ताडून पाहू. मग बाहेर ठेवलेल्या प्रतीतून एक ग्रंथ परत आणून त्याची सर्व पाने मोजू. हिशेब जुळला तरच ग्रंथालयाची खरी नोंद त्यावर सुरू करावी. जुळला नाही, तर उद्घाटन पुढे ढकलावे. शंभर वर्षांच्या संस्थेला महिनाभराचा उशीर जड जाणार नाही.

येथे मी लहानपणी चिठ्ठी देऊन पुस्तके नेली आहेत. परत केलेल्या प्रत्येक पुस्तकासमोर ग्रंथपाल स्वतःच्या हाताने तारीख घालीत आणि ती शाई वाळल्याखेरीज वही मिटत नसत. त्यांच्या हाताखाली वाढलेल्या सभासदाने याहून कमी अपेक्षा ठेवू नये, असे मला वाटते.